बोटांना नोट कळेपर्यंत

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून त्रेचाळीस वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नागरी सहकारी बँकेत सतरा वर्षं नोकरी, त्यातली अकरा कॅश काउंटरवर. गेल्या वर्षी डाव्या स्तनाचा कर्करोग निघाला. आठ किमो, शस्त्रक्रिया, मग पंधरा दिवस रेडिएशन. आता रोज एक गोळी. रजा फेब्रुवारीअखेर संपते आणि डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं आहे. त्या लिहितात : "बोटांना मुंग्या आहेत. घरी दहाच्या नोटांची गड्डी मोजून पाहिली, तीनदा तीन आकडे आले. नावं विसरते. दुपारी बारालाच गळून जाते. हे म्हणतात, राजीनामा दे, जिवापेक्षा नोकरी मोठी नाही. सासूबाई म्हणतात, बँकेच्या टेन्शननेच हे झालं. धाकटे दीर म्हणतात, पवारसाहेब बघा, युवराज बघा. मॅनेजर फोनवर म्हणाले, 'या मॅडम, पण कॅशला दुसरं कोणी नाही.' अकरा वर्षांत माझी एकदाही कॅश शॉर्ट आलेली नाही. पूर्वीसारखं काम जमणार असेल तरच जावं, नाहीतर मानाने बाहेर पडावं असं वाटतं. सवलत मागून, लोकांची दया घेऊन तिथे बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मी काय करू? आणि केस अजून जेमतेम पेरभर आहेत. विग लावून जाऊ का?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या गड्डीपाशी थांबले. स्पंजावर बोट ओलं करून नोट सरकवायची आणि एक गेली की दोन चिकटून गेल्या हे डोळ्यांच्या आधी बोटाने सांगायचं, यावर तुमची अकरा वर्षं उभी आहेत. त्या बोटाने सांगणंच बंद केलं तर पोटात खड्डा पडणारच. तुम्ही तिसऱ्यांदा मोजून गड्डी बाजूला ठेवली असेल, तेव्हा राजीनाम्याचं मनात पक्कं झालं असणार.

पण त्या दुपारी नेमकं काय सिद्ध झालं? या महिन्यात तुमच्या बोटांच्या टोकांना कागद नीट कळत नाही, एवढंच. बँकेचं काम तुम्हाला जमणार नाही, हे त्यातून निघत नाही. तुम्ही एका गोष्टीवरून दुसरी ठरवून टाकलीत.

मुंग्यांचं आधी बोलू. किमोतली काही औषधं, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल ही त्यातली नेहमीची, हातापायांच्या टोकांच्या नसांना इजा करतात. ब्लाउजचं हुक लागत नाही, निऱ्यांची सेफ्टी पिन बोटातून निसटते, चप्पल पायातून कधी सुटली ते कळत नाही. बहुतेकींचा हा त्रास हळूहळू कमी होतो, पण तो 'हळूहळू' महिन्यांच्या हिशेबाचा असतो. काहींना थोडा कायमचा उरतो. तुमचा किती उरेल हे आज तुम्ही, मी किंवा मॅनेजर कोणीच सांगू शकत नाही. मग आजच्या बोटांवरून पुढच्या पंधरा वर्षांच्या नोकरीचा निकाल का लावायचा? पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "थोड्या मुंग्या येतात" एवढ्यावर सोडू नका. "नोटा मोजता येत नाहीत" असं सांगितलंत की त्यांनाही त्याचं वजन कळेल. साखर आणि बी-१२ तपासायला हवं का, हेही विचारा. त्यांच्या गडबडीनेही मुंग्या वाढतात.

दुपारी गळून जाणं आणि नावं विसरणं हेही उपचारांमागून येणारंच आहे. हा थकवा झोप काढून जात नाही, म्हणून बायका घाबरतात, आणि घरचे "पड जरा" म्हणत राहतात. रोज ठरावीक वेळ चालणं, आठवड्यागणिक थोडं वाढवत नेणं, याचा त्यावर पडून राहण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. विसरण्याचं म्हणाल तर बहुतेकींचं लक्ष आणि आठवण काही महिन्यांत सुधारते. तोवर एका वेळी एकच काम आणि हाताशी वही.

आता तुमच्या 'पूर्वीसारखं'कडे येते. मूळ पत्रात हा शब्द पाच वेळा आला आहे.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९९८ साली तिचं ऑपरेशन झालं, तेही डाव्याच बाजूचं, आणि ती डावखुरी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून तिने परळला उपचार घेतले आणि जूनमध्ये शाळा उघडली तशी कामावर गेली. हात खांद्याच्या वर जाईना. मग ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची. मागच्या बाकावरची पोरं अर्धवट उभी राहून वाचायची. घरी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिलेला : भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. मावशीने तो व्यायाम शाळेतच सुरू केला. रोज तारीख आणि वार लिहायची ती ओळ, हात पोचेल तितकी वर. जुलैत ती ओळ फळ्याच्या मध्यावर होती, गणपतीत त्याच्या थोडी वर. दिवाळीच्या सुट्टीआधी एका मुलाने सांगितलं, "बाई, आज तारीख वर गेली." अगदी वरच्या कडेला मात्र तिचा हात पुढे कधीच पोचला नाही. त्यानंतर तिने एकोणीस वर्षं शिकवलं.

पहिल्या दिवशी वरच्या कडेला हात पोचला तरच शाळेत जाईन, असं तिने ठरवलं असतं तर? तुम्ही स्वतःला घातलेली अट तीच आहे. पूर्वीसारखं व्हायचं ते कामावर जाऊन होत जातं, आणि जे होत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट निघते. घरात बसून आधी पूर्ण बरं व्हायचं आणि मग जायचं, असं सहसा घडत नाही.

दीरांच्या उदाहरणांबद्दल. शरद पवारांची तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया २००४ साली, निवडणुकीच्याच काळात झाली आणि त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले. युवराज सिंग २०१२ मध्ये किमो घेऊन त्याच वर्षी सप्टेंबरात भारताकडून पुन्हा खेळला. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोठ्या आहेत. पण त्यांचे आजार वेगळे, औषधं वेगळी, आणि दिमतीला माणसं होती. दीरांचा हेतू चांगला आहे. त्यांना सांगा, "भाऊजी, मला उदाहरण नको, पहिला आठवडा बँकेपर्यंत गाडीने सोडा." त्याचा खरा उपयोग होईल.

सवलत मागायची म्हणजे दया घ्यायची, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बँकेच्या बाजूने बघा. बोटांना संवेदना कमी असलेला माणूस रोकड हाताळायला बसवला आणि कॅश शॉर्ट आली, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल, पण टॅली लागेपर्यंत अख्खी शाखा संध्याकाळी थांबेल आणि गिऱ्हाइकाशी वाद होईल तो वेगळाच. "तीन महिने मला कॅशला बसवू नका" असं तुम्ही म्हणता, तेव्हा अकरा वर्षं एकदाही शॉर्ट न आलेली कॅशियर आपल्या कामाची जबाबदारी ओळखून बोलत असते. पाय मोडलेल्या शिपायाला कोणी जिना चढून फायली आणायला लावत नाही, आणि त्याला तो उपकारही म्हणत नाही.

आता वाटा कोणत्या आहेत ते बघू.

राजीनामा ही एकच वाट अशी आहे जिथून परत येता येत नाही. रजा वाढवता येते, विभाग बदलता येतो, तीन महिन्यांनी राजीनामाही देता येतो. म्हणून थकलेल्या अंगाने आणि घाबरलेल्या मनाने तो आज देऊ नका. शिवाय बँकेचा समूह आरोग्यविमा असेल तर तो सहसा नोकरीबरोबर संपतो. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं अवघड, मिळाली तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. समूह पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोकरीत असतानाच लेखी विचारून ठेवलेलं बरं.

एक मार्चला थेट कॅशला बसणं ही दुसरी वाट, आणि ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. मार्च एंडला बँकेत काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मॅनेजर म्हणतात ना, कॅशला दुसरं कोणी नाही. मार्चमध्ये ते वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येईल आणि तुम्ही 'नाही' म्हणू शकणार नाही.

म्हणून माझ्या मते पाच-सहा आठवड्यांची रजा वाढवून मागा. अर्धपगारी उरली असेल तर ती, नसेल तर बिनपगारी, पण आधी हिशेब करून. बिनपगारी रजेने सेवेत खंड धरला जातो का, पगारवाढीची तारीख पुढे जाते का, पीएफचं काय होतं, हे बँकेच्या सेवानियमांत बघून घ्या. डॉक्टरांकडून नवं प्रमाणपत्र घ्या. 'फिट' एवढाच शब्द तुमच्या कामाचा नाही. "अमुक तारखेपासून हलक्या कामासाठी योग्य, बोटांची संवेदना कमी, डाव्या हाताने जड वजन उचलू नये, दर तीन महिन्यांनी तपासणी", असं त्यांनी लिहून द्यायला हवं. बहुतेक डॉक्टर देतात, पण मागावं लागतं, कारण काउंटरमागे काय काम असतं हे त्यांना ठाऊक नसतं. मग मार्च एंडची धांदल सरल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रुजू व्हा. ठेव विभाग, केवायसी, पासबुक, आवक-जावक, जिथे नोट हातात येत नाही तिथे. कॅशचा भत्ता मिळत असेल तर तो काही महिने बुडेल, तेवढं धरून चाला.

रजा नाकारली तर एक मार्चलाच रुजू व्हा, पण हातात अर्ज घेऊन. साधारण असा लिहा :

"माझे उपचार पूर्ण झाले असून सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार मी आजपासून कामावर रुजू होत आहे. सध्या बोटांची संवेदना कमी असल्याने पहिले तीन महिने मला रोख विभागाऐवजी ठेव अथवा केवायसी विभागात काम द्यावे, डाव्या हाताने वजन उचलावे लागेल असे काम देऊ नये व तपासणीच्या दिवशी रजा मंजूर करावी, ही विनंती. तीन महिन्यांनंतर आढावा घेऊन रोख विभागाबाबत निर्णय घेता येईल."

आजाराचं नाव अर्जात परत परत लिहायची गरज नाही. 'तीन महिने' हे शब्द मात्र गाळू नका. मुदत नसली की समोरच्याला वाटतं ही कायमचीच मागणी आहे, आणि तुम्हालाही वाटू लागतं की आपण कायमच्याच बाजूला पडलो. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा, तीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मॅनेजर चांगले असले तरी घ्या, त्यांची बदली होऊ शकते.

कायद्याचं खरं सांगायचं तर, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे, तीत कर्करोगाचं नाव नाही. उपचारांमुळे हाताला किंवा पायाला कायमचं अपंगत्व आलं तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण केवळ आजार होऊन गेला म्हणून त्या कायद्याचं छत्र मिळत नाही. म्हणून आपल्याकडे लेखी कागद, सेवानियम आणि युनियन असेल तर युनियन, यांवरच भिस्त ठेवावी लागते. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हाताबद्दल थोडं, कारण तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखच केला नाहीत. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कितीतरी वर्षं राहतो. तुमच्या रोजच्या वापरातल्या बांगड्या हेच तुमचं मोजमाप : डाव्या हातातल्या घट्ट होऊ लागल्या, ब्लाउजची एकच बाही कचायला लागली, अंगठी रुतली, तर त्याच आठवड्यात दाखवा. सूज लवकर दाखवली तर आटोक्यात राहते. नाण्यांची पिशवी किंवा लेजरचा गठ्ठा डाव्या हाताने एकदम उचलू नका. हात वापरायचाच नाही असं मात्र नव्हे. व्यायाम चालू ठेवा, वजन वाढवायचं ते फिजिओथेरपिस्टना विचारून. बीपी आणि सुई उजव्या हाताला. रोजच्या गोळीने सांधे आखडले, अंगातून वाफा निघायला लागल्या, तरी ती आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर मार्ग असतो.

जायच्या आधी दोन आठवडे घरीच तालीम करा. बँकेच्या दिवशी उठता तेव्हाच उठा, आवरा, साडी किंवा ड्रेस घाला, डबा भरा. एक दिवस खरोखर एसटीने बँकेच्या दारापर्यंत जा आणि परत या. दुपारी किती वाजता गळून जाता ते लिहून ठेवा. रोज बाराला होत असेल तर अकराला दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि काही खा, मग बाराचं काय होतं ते बघा. रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे अर्ध्या दिवसाची परवानगी मिळते का तेही विचारा. उरलेली किरकोळ रजा अर्धी-अर्धी करून वापरता आली तर बुधवारी दुपारी घरी जा, आठवडा मध्ये तुटतो.

आता घर. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

तुमचे यजमान राजीनामा दे म्हणतात, ते तुम्हाला कमी लेखून नाही. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे त्यांनी तुम्हाला अजून सांगितलं नसेल. ते विचारा. "नोकरीत नेमकी कशाची भीती वाटते तुम्हाला?" एवढंच विचारा आणि थांबा. सासूबाईंच्या म्हणण्याला मात्र मनात थारा देऊ नका. नोकरीच्या ताणामुळे स्तनाचा कर्करोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्यांना कारण हवं आहे, कारण सापडलं की भीती कमी होते, आणि हाताशी असलेलं कारण म्हणजे तुमची बँक.

पण घरच्या सगळ्यांना एक हिशेब कागदावर दाखवा. बँकेच्या दिवशी तुम्ही सकाळी किती वाजता उठता, किती माणसांचं करता, संध्याकाळी साडेसहाला आल्यावर पुन्हा भाकरीच्या पिठात हात कधी घालता, रात्री ओटा आवरून किती वाजता पाठ टेकता. बहुतेक घरांत बाई थकली की दोष नोकरीला जातो, आणि सुटते तीही नोकरीच. पहाटेच्या दोन तासांचं आणि रात्रीच्या तीन तासांचं कोणी नाव काढत नाही. तुम्ही नोकरी सोडलीत तर घरातलं काम कमी होणार आहे की वाढणार आहे, हे स्वतःला विचारा. "माझ्या जिवाची काळजी आहे ना, मग संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही आणि मुलं वाटून घ्या, किंवा भाकऱ्या बाहेरून लावा," असं म्हणायची हीच वेळ आहे. गरम तवा आणि सुरी सध्या दुसऱ्याच्या हाती असणं हिताचंही आहे. बोटांना चटका उशिरा कळतो.

काउंटरपलीकडच्या माणसांसाठी एक वाक्य तयार ठेवा. तालुक्याच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि पिग्मीवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत प्रत्येक जण विचारणार. "बरं नव्हतं, आता बरी आहे. बोला, ठेव नवी करायची की जुनी वाढवायची?" आवाज नेहमीचा, आणि पुढचा प्रश्न कामाचा. बहुतेक लोक तिथे थांबतात. एखादी बाई मात्र थांबणार नाही, ती सगळे गेल्यावर खाली आवाजात विचारेल, "मॅडम, गाठ कशी कळली होती?" तिला वेळ द्या.

सगळं करूनही जमलं नाही तर? जुलैत तुम्ही दमून बसलात, बोटं तशीच राहिली, किंवा आयुष्यातला वेळ वेगळा घालवावा असं आतून वाटलं, तर सोडा. त्यात हार नाही, आणि तेव्हा तो निर्णय भीतीपोटी झालेला नसेल. तोवर झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त मन खाली असेल, दर तपासणीआधी छाती दडपत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

हे वाचणाऱ्या अनेकींना रजा, अर्ज, सेवानियम हे काहीच नसेल, याची मला जाणीव आहे. कारखान्यात किंवा दुकानात असाल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर विचारा : त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग आहे आणि अटी पूर्ण होत असतील तर वेतनाच्या ८० टक्के लाभ जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकतो. कितीतरी जणींना हे रजा संपल्यावर कळतं. पोळ्या लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला यातलं काही नाही. तिला एवढंच सांगते : आधीची निम्मीच कामं धरा, डाव्या-उजव्यातला कोणता हात जपायचा ते बरोबरच्या बायकांना सांगून ठेवा, आणि खुरपणीला पायात बूट, हातात मोजे घाला. मुंग्या आलेल्या पायाला काटा कळत नाही.

आणि विगचं. एप्रिलात तुमच्याकडचं ऊन, गोळीने अंगातून निघणाऱ्या वाफा आणि शाखेतला तो एक पंखा धरला तर विग चार तासांत नकोसा होईल. मऊ सुती स्कार्फ बरा. तरीही पहिल्या दिवशी विगमुळे धीर येत असेल तर लावून जा, स्कार्फ पर्समध्ये ठेवा. जेवणाच्या सुट्टीत बदलावासा वाटला तर बदला, कोणाला काही सांगत बसू नका.